‘सर, वर जा’ म्हणणारं कोणी हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एक पत्र आलं होतं. म्हातारे वैमानिक आणि आखूड धावपट्ट्या ही जोडी जिवावर बेतणारी आहे, तेव्हा साठी उलटलेल्यांना जिल्ह्याच्या छोट्या पट्ट्यांवर उतरायला सरळ बंदी घाला, असं त्यात म्हटलं होतं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, हे तुमच्यावरच लिहिलंय की.”

माझ्यावर नव्हतं, पण असतं तरी तक्रार करायला मला जागा नव्हती. मी ७३ वर्षांचा आहे, लातुरात राहतो. विशीत पुष्पक विमानावर शिकलो, काही वर्षं कापसावर आणि उसावर फवारणीची विमानं चालवली, पुढे पोरांना शिकवलं. जवळजवळ पन्नास वर्षं उडलो. त्यातलं सगळ्यात वाईट लँडिंग मी साठी उलटल्यावर, आखूड पट्टीवर, लख्ख उजेडात केलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला दगडाचा भाग तेवढा ठेवा.

पत्रलेखकांचं जे बरोबर आहे ते आधी कबूल करतो. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. साठीनंतर डोळ्यात मोतीबिंदू धरू लागतो आणि समोरून ऊन आलं की काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. रेडिओ, वेग आणि उंची तिन्हींकडे एकदम ध्यान देताना एखादी गोष्ट सुटते. हात थरथरत नाहीत. थरथरले असते तर बरं झालं असतं, माणूस वेळेवर घरी बसला असता. हात तेच करतात जे ते तिशीत करायचे, फक्त जरासे उशिरा. मोठ्या विमानतळावर हा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. नांदेडची धावपट्टी २३०० मीटरची, छत्रपती संभाजीनगरची २८०० मीटरच्या पुढची. तिथं छोटं सेसना अर्ध्या पट्टीवर टेकलं तरी पुढं चहाची टपरी टाकण्याइतकी जागा उरते. ९०० मीटरच्या पट्टीवर तोच उशीर बांधापलीकडच्या चरात जाऊन थांबतो.

आता माझं लँडिंग सांगतो. मी तेव्हा ६६ वर्षांचा होतो. मे महिना, दुपारचे चार. एका कारखान्याच्या शेजारची खासगी पट्टी, लांबी ९०० मीटर. विमान सेसना १७२. उजव्या सीटवर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता स्वतः प्रशिक्षक आहे. मागं एक पाहुणे इंजिनिअर, त्यांना संध्याकाळच्या आत एक पंप बघायचा होता.

या पट्टीवर एक मामा होते. रखवालदार, पण त्या पट्टीचं सगळं तेच बघायचे. गुरं हाकलायची, फुफाट्यातले खडे वेचायचे, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली तर घरून दाभण आणून शिवायची. मी पहिल्यांदा तिथं उतरायला लागलो तेव्हा मीच त्यांच्याकडून पट्टीच्या कडेला, एकतृतीयांशावर, म्हणजे सुरुवातीपासून ३०० मीटरवर एक मोठा दगड ठेवून घेतला होता. त्याला चुना फासलेला. नियम सोपा होता. चाकं त्या दगडाच्या आत टेकली तर उतरायचं. दगड बाजूनं मागं गेला आणि चाकं अजून हवेत असतील, तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढं ढकलायचं, वर जायचं, एक चक्कर मारून पुन्हा यायचं. याला आमच्या धंद्यात गो-अराउंड म्हणतात. विद्यार्थ्यांना मी ‘वर जा’ असंच शिकवायचो, कारण घाईत तेवढेच दोन शब्द तोंडातून फुटतात.

सेसना १७२ आखूड पट्टीवर आणायचं तर शेवटचा वेग ६१ नॉट ठेवायचा, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. मी त्या दिवशी ७० नॉटवर होतो. का? धान्य मोजताना मापावर वर एक पसा घालतात ना, तसं मी काही वर्षांपासून करायला लागलो होतो. वाऱ्यासाठी चार-पाच, आणि ‘असू दे’ म्हणून चार-पाच. तरुणपणी हा पसा मी कधी घालत नव्हतो. वय वाढलं तशी वेग कमी पडून विमान कोसळण्याची भीती वाढली, आणि त्या भीतीवरचा उपाय म्हणून वेग वाढला. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. मलाही ती नंतर, पट्टीवर उभं राहून कळली.

त्यात ऊन. हे जरा समजावून सांगतो, कारण बाहेरच्या वैमानिकांनाही आपल्या भागात हे लवकर ध्यानात येत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. चाळीस अंशाच्या उन्हात हवा इतकी पातळ होते की विमानाच्या पंखांना आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे आपल्या रानातल्या पट्टीवर उतरणारं विमान कळसूबाईच्या माथ्यावर उतरल्यासारखं वागतं. वेगाचा काटा ६१ दाखवत असला तरी जमीन ६६ नॉटनं मागं पळत असते. माझा काटा ७० दाखवत होता, म्हणजे जमिनीवरचा वेग ७६. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे शाळेत शिकलेलं आहेच. ६१ च्या जागी ७६ घाला आणि वर्ग करून बघा. दीडपटीहून जास्त होतं.

आणि रान. त्या पट्टीला उतरताना आधी ऊस लागतो, मग नांगरून टाकलेलं काळं रान. उसावरची हवा थंड, तिथं विमान दबतं. मी जरा इंजिन वाढवलं. तेवढ्यात ऊस संपला आणि मे महिन्यातली नांगरट आली. भट्टीवर हात धरल्यासारखी हवा खालून वर येते तिथं. विमान वर उचललं गेलं, आणि मी वाढवलेलं इंजिन तसंच. वेग बघायला हवा होता. पण माझा चष्मा खाली-वर वेगवेगळ्या नंबरांचा. काटा वाचायचा तर हनुवटी थोडी वर करावी लागते, नाहीतर आकडे पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात. हनुवटी वर केली, काटा शोधला, वाचला, पुन्हा बाहेर बघितलं. एवढ्यात दोन सेकंद गेले असतील. दोन सेकंदांत ऐंशी मीटर जातात. अरुंद पट्टी होती, तीही डोळ्यांना फसवते. रुंद धावपट्टीची सवय झालेल्या माणसाला अरुंद पट्टी दिसली की आपण खूप उंचावर आहोत असं वाटतं. पण त्या दिवशी मी खरोखरच उंचावर होतो, म्हणजे निदान ते एक तरी डोळ्यांनी खरं सांगितलं.

मग विमान जमिनीलगत तरंगायला लागलं. वेग जास्त असला की ते टेकतच नाही, जमिनीला चिकटून सरकत राहतं. डाव्या खिडकीतून चुन्याचा दगड गेला. मी तो बघितला. माझ्या शेजारच्यानंही बघितला. मी काहीच केलं नाही. तोही काही बोलला नाही.

चाकं टेकली, मी ब्रेकवर दोन्ही पाय रोवले, टायर ओरडले, इंजिनिअर साहेबांच्या मांडीवरची फाइल माझ्या पाठीवर आदळली. थांबलो. पुढं बांध, बांधापलीकडं चर, चराच्या कडेला बाभूळ. खाली उतरून मी पावलं मोजत गेलो, सवय म्हणून. माझं पाऊल पाऊण मीटरचं, पूर्ण पट्टी १२०० पावलं. चाकांच्या पहिल्या काळ्या खुणा सुरुवातीपासून ६४० व्या पावलावर होत्या. पुढच्या टोकाला ५२ पावलं उरली होती. मी मोजत असताना मामा काठी टेकत माझ्यामागं आले. म्हणाले, “साहेब, आज लई लांब गेलाव. चुन्याचा दगड पार मागं राहिला की.”

मामांनी ते बोलून टाकलं. विद्यार्थी विमानाजवळ उभा राहून टायरकडे बघत होता. त्याला विचारलं, “तू का बोलला नाहीस?” तो म्हणाला, “सर, मला वाटलं तुमच्या लक्षात असेल.”

संपादक महाशय, मला जे लिहायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आहे. हा पोरगा भित्रा नाही. दुसऱ्या कोणत्याही वैमानिकाला त्यानं दगड यायच्या आधीच हटकलं असतं. पण मी त्याचा गुरू. माझ्या हाताखाली त्यानं पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं, माझ्या घरी तो चार महिने जेवलाय. आपल्याकडं मोठ्या माणसाला ‘अहो, चुकताय’ म्हणायचं तर आधी घसा खाकरावा लागतो, मग ‘रागावणार नसाल तर’ म्हणावं लागतं, आणि तोवर ९०० मीटर संपतात. त्यात आमच्या या दोन शब्दांचा मराठीतला दुसरा अर्थ तुम्हाला सांगायला नको. ६६ वर्षांच्या माणसाला कोण म्हणेल ‘वर जा’?

गंमत सोडा. २२ मे २०१० ला मंगळुरूत एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढं दरीत गेलं, १५८ माणसं गेली. ८००० फुटांच्या धावपट्टीवर ते ५२०० फुटांवर टेकलं होतं. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं होतं की वर जाऊ या. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात, पाठीमागच्या वाऱ्यात, तसंच अर्ध्या धावपट्टीवर टेकलेलं विमान पुढं कोसळलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. तिथंही सहवैमानिकानं वर जायला सांगितल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. तिथले कॅप्टन मराठी घरातले, हवाई दलात नावाजलेले. त्यांच्याविषयी वाकडा शब्द लिहायला माझा हात धजत नाही, आणि ५२ पावलं शिल्लक ठेवून वाचलेल्या माणसानं तो लिहूही नये. मला एवढंच दाखवायचं आहे की या दोन्ही कॅप्टनांची साठी उलटलेली नव्हती. पत्रलेखकांची बंदी तेव्हा असती, तरी दोन्ही विमानं तशीच उतरली असती. बाजूच्या सीटवरून आलेला शब्द मात्र दोन्हीकडं वेळेत आला होता.

माझी नात पुण्याला शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा तिच्याशी हा वाद झाला, आणि तिनं दोन अभ्यास काढून दिले. दोन्ही अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांचे, दोन्ही विमानाच्या सिम्युलेटरवरचे. पहिला २००७ चा. ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षं तपासलं. सुरुवातीला म्हातारे मागं होते, पण तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, आणि ज्याचं उड्डाणाचं शिक्षण जास्त त्याचं काम टिकलं. हे वाचून मी मिशीवर हात फिरवला. दुसरा २०१० चा, १९ ते ७९ वयाच्या ७२ वैमानिकांवरचा. त्यात धुक्यात उतरायचं की वर जायचं असा पेच टाकला होता. वय जास्त तसा, दिसत नसतानाही उतरूनच टाकण्याकडं कल जास्त. आणि अनुभवी माणसांचा विमानावरचा हात चांगला होता, पण उतरू की नको या निर्णयात अनुभवानं काही फरक पडला नाही. नात म्हणाली, “आजोबा, हे तर तुमच्या दगडाचंच आहे.” मिशीवरचा हात खाली घेतला.

तरुण लोक फार वर जातात असंही नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन नावाची जुनी संस्था आहे. तिच्या अभ्यासात, वेग-उंची बिघडलेल्या अवस्थेत पट्टीकडं येणाऱ्या विमानांपैकी शंभरात जेमतेम तीन वर जातात, बाकीची तशीच उतरतात. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि त्यातूनच सवय लागते. मलाही तशीच लागली असणार. दगड मागं जाऊनही नीट थांबलो, असे प्रसंग त्याआधीही झाले असतील. मामांना विचारलं असतं तर त्यांनी तारखा सांगितल्या असत्या.

मग तपासणीनं काय साधतं? साधतं, पण आपण चुकीची गोष्ट तपासतो. प्रवासी कंपन्यांत ६५ ला गाडी थांबते. खासगी परवान्याला वयाची वरची मर्यादा नाही, पन्नाशीनंतर दर वर्षी डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी. मी सगळ्यांत पास होत आलो. प्रत्यक्ष उड्डाणाची तपासणी वेगळी असते. आणि आपल्या भागात उडणारी माणसं किती? बोटांवर मोजण्याइतकी. तपासायला येणारा माझाच विद्यार्थी, नाहीतर विद्यार्थ्याचा विद्यार्थी. विमानात बसायच्या आधी तो पाया पडतो. जो पाया पडला तो तासाभरानं नापास कसा करणार? मोठ्या धावपट्टीवर, हिवाळ्याच्या सकाळी, वारा नसताना तीन लँडिंग करवतो, ‘सर, आम्हाला अजून जमत नाही असं’ म्हणतो आणि सही करतो. दोष त्याचा नाही. हे कौतुक मला गोड लागायचं, दोष तिथं आहे.

माझे गुरू असे नव्हते. सत्तरच्या दशकात पुष्पकवर शिकताना ते पट्टीवर स्वतःचा रुमाल टाकायचे आणि त्याच्या आसपास चाक टेकवायला सांगायचे. पुष्पक हे एचएएल या सरकारी विमान कारखान्याचं दोन माणसांचं, नव्वद अश्वशक्तीचं विमान, १९५८ ला पहिल्यांदा उडालं, शेपटीखाली चाक. डॉ. विष्णू माधव घाटगे या आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाच्या हाताखाली तयार झालेलं. रुमालाच्या पलीकडं गेलो की गुरुजी शब्दही बोलायचे नाहीत. फक्त थ्रॉटलवरच्या माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून पुढं ढकलायचे. वर जायचं, चक्कर मारायची, पुन्हा रुमाल. एका सकाळी असं सात वेळा झालं. त्यांचा रुमाल त्या दिवशी उतरलेल्या दुसऱ्याच विमानाच्या चाकाखाली फाटला आणि त्यांनी त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. मी पुढं फवारणीला गेलो तेव्हा गावाबाहेरच्या कच्च्या पट्ट्यांवर दिवसात पंधरा-वीस वेळा उतरायचो आणि रुमाल कायम डोळ्यांपुढं असायचा. म्हातारपणी डोळ्यांपुढून रुमाल गेला, आणि हातावर हात ठेवणारंही कोणी उरलं नाही.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. म्हाताऱ्याला घरी बसवायचं तर बसवा, पण त्यानं आखूड पट्टीवर उतरण्याचा परवाना कमावला की गमावला हे आखूड पट्टीवरच बघा. एप्रिल-मे मध्ये, दुपारी, दोन माणसं बसवून. तपासणारा दुसऱ्या भागातला हवा, ज्यानं माझं नावही ऐकलेलं नाही, आणि त्यानं मुद्दाम माझं लँडिंग बिघडवावं. उशिरा उतरायला सांगावं, बोलण्यात गुंतवावं. मी वर गेलो तर पास. कितीही सुंदर टेकवलं पण दगडाच्या पुढं, तर नापास. शेजारी बसलेला कोणीही असो, काल परवाना मिळालेलं पोरगं असो, त्यानं ‘वर जा’ म्हटलं की वर जायचं, का म्हटलं ते खाली उतरल्यावर विचारायचं, हे लेखी असावं. मी त्या उन्हाळ्यानंतर हे माझ्यासाठी लिहून काढलं होतं. जो कोणी शेजारी बसेल त्याच्याकडून आधी तीनदा मोठ्यानं ‘वर जा’ म्हणवून घ्यायचो. पहिल्या वेळी पोरं लाजायची. एक पोरगी मात्र पहिल्यांदाच इतक्या जोरात ओरडली की हँगरमधून माणसं बाहेर आली. तिला मी नंतर सगळ्यांत जास्त वेळा बरोबर घेतलं.

मागं बसलेल्यांबद्दलही दोन ओळी. निवडणुका आल्या की आपल्या छोट्या पट्ट्यांवर वर्दळ वाढते. सभेला उशीर झालेला, घड्याळ बघणारा पाहुणा मागच्या सीटवर असला की वैमानिकाला चक्कर मारून यायची लाज वाटते. एक चक्कर म्हणजे पाच-सहा मिनिटं. पाहुण्यांनी विमानात बसतानाच म्हणून टाकावं, ‘चक्कर मारावी लागली तर मारा’. त्यांचा घसा तसाही भाषणासाठी मोकळा करायचाच असतो.

पट्ट्यांची अवस्था हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. पट्टी कमी पडली की काय होतं हे आपल्या मराठवाड्याइतकं कोणाला माहीत असणार? २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादेत इंडियन एअरलाइन्सचं विमान उड्डाण करताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. ते लँडिंग नव्हतं हे मला कळतं. पण तेव्हापासून कुठल्याही पट्टीवर गेलो की आधी टोकापलीकडं काय आहे ते चालत जाऊन बघतो. बांध, चर, बाभूळ हे सगळं मला त्या दिवशी आधीच पाठ होतं. पाठ असूनही मी वर गेलो नाही, हे पत्रलेखकांनी माझ्या विरोधात जरूर वापरावं.

त्या लँडिंगनंतर मी एकट्यानं उडणं बंद केलं. वर उल्लेख केलेल्या पोरीबरोबर तीन वर्षं उडलो. तीन वर्षांत तिनं मला चार वेळा वर पाठवलं. त्यातल्या दोन वेळा ती चुकली होती असं माझं आजही मत आहे, पण मी वर गेलो. ६९ व्या वर्षी वैद्यकीय तपासणीची मुदत संपली, ती पुन्हा केली नाही. कोणी थांबवलं नाही. चष्मा बदलायला गेलो होतो, डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगितलं. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं.

ती पट्टी अजून आहे. वर्षातून दोन-चार विमानं उतरतात. मामा आता नाहीत, त्यांचा पुतण्या शेळ्या राखता राखता पट्टीवरही लक्ष ठेवतो. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा वाऱ्याची पिशवी नुसत्या चिंध्या झालेली आणि दगडावरचा चुना पावसानं धुऊन गेलेला. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, “कुठला दगड, आजोबा?” दगड मातीत अर्धा रुतलेला होता, त्याच्यावर शेळी बसली होती.

मागच्या आठवड्याचं पत्र ज्यांनी लिहिलं त्यांचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून आपल्यामार्फत निरोप देतो. पुढच्या रविवारी सकाळी मी तिथं जाणार आहे. कुदळ आणि पिशवीसाठी जुनी छत्री माझ्याकडं आहे. यायची इच्छा असेल तर आपल्याकडून माझा फोन नंबर घ्यावा, आणि येताना दोन किलो चुना आणावा.

आपला,
एक निवृत्त वैमानिक, लातूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)